मोजक्या शॉटांचा लघुपट

मोजक्या शॉटांचा लघुपट : अर्ध्या मिनिटापासून चार-पाच मिनिटांपर्यंतच्या अवधीत, एक ते साधारण दहा शॉटांमध्ये पूर्ण कथा सांगणारा चित्रपटप्रकार. कॅमेरा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत जे अखंड टिपले जाते तो शॉट. दोन शॉट जिथे जोडले जातात तो कट. शॉटांच्या संख्येचा पक्का नियम नाही. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरतात; तेवढ्या वेळात पाचशे शॉटही आरामात बसतील. इथे प्रश्न लांबीपेक्षा काटकसरीचा आहे. मोठ्या चित्रपटात एखादा शॉट फसला तर पुढचे चार त्याला सांभाळून घेतात. तीन शॉटांच्या फिल्ममध्ये सांभाळून घ्यायला कोणी नसते.

सिनेमाची सुरुवातच या प्रकाराने झाली, तीही नाइलाजाने. फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंच्या कॅमेऱ्यात सुमारे १७ मीटर फिल्म मावायची आणि हाताने दांडा फिरवला की पन्नासेक सेकंदांत संपायची. बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याची त्यांची १८९५ मधली फिल्म एकाच शॉटची आहे. मुलगा नळीवर पाय देतो, पाणी थांबते, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, मुलगा पाय उचलतो. पुढचा भाग बारकाईने पाहण्यासारखा आहे. पळणारा मुलगा चौकटीच्या कडेला पोचतो, माळी त्याला तिथेच गाठतो. पण चोप द्यायला मात्र ओढत पुन्हा मध्यभागी आणतो. कॅमेरा हलणार नव्हता, म्हणून शिक्षाच कॅमेऱ्यापुढे आली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएरांच्या सहा फिल्म दाखवल्या गेल्या, त्या याच जातीच्या होत्या.

बडोद्याचा या प्रकाराशी संबंध दादासाहेब फाळक्यांपर्यंत मागे पोचतो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात फाळके शिकले आणि छायाचित्रणाचा हात त्यांनी इथे बसवला. कलाभवनाच्या त्या वास्तूत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. पुढे १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करायचे होते तेव्हा, त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरून त्याचा अंकुर दिवसेंदिवस थोड्या-थोड्या चौकटींनी, म्हणजे फिल्मवरच्या सुट्या स्थिर चित्रांनी, टिपला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती चिमुकली फिल्म ओळखली जाते. पात्र एक, जागा एक, आणि बघता बघता घडणारा बदल एक. पैसे लावणाऱ्याला पटवायला तेवढे पुरले. तिला कथा म्हणावे का, यावर वाद घालता येईल; प्रस्तुत लेखकाच्या मते म्हणावे, कारण आधी नव्हते ते शेवटी झालेले असते.

कमी शॉटांत कथा उभी राहते ती प्रेक्षकाच्या भरवशावर. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हचा प्रयोग त्याच्या शिष्याने, पुदोव्हकिनने, सांगून ठेवला आहे. नटाचा एकच निर्विकार चेहरा सुपाच्या वाडग्याशेजारी, मग शवपेटीशेजारी जोडला, तर लोकांना त्यावर आधी भूक आणि मग शोक दिसला. म्हणजे चेहऱ्यावर नसलेला भाव कटमधून आला. लघुपट करणाऱ्याला हे पाठ असते. फक्त हात राखून वापरता येत नाही.

बडोद्यातला एक काल्पनिक नमुना घेऊ. रावपुऱ्यातली सेव-उसळीची लारी. हातगाडीला बडोद्याचा मराठी माणूसही लारीच म्हणतो. पहिला शॉट : पत्र्याच्या टेबलाशी टोपी घातलेले आजोबा, समोर दोन प्लेटी, पलीकडचे स्टूल रिकामे. दुसरा शॉट, अगदी जवळून : सुरकुतलेला हात स्वतःच्या प्लेटीतली लिंबाची फोड उचलून पलीकडच्या प्लेटीत ठेवतो. तिसरा शॉट, लांबून : आजोबा दोन प्लेटींचे पैसे देतात, लारीवाला एका प्लेटीचे परत करतो, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. संपले. संवाद नाही.

ही फिल्म वर्गात करायला दिली की दहांतले सात जण चौथा शॉट घालतात : घरच्या भिंतीवर हार घातलेला आजीचा फोटो. तो शॉट सगळे सांगून टाकतो आणि तिथेच फिल्म बसते. फोटो नसताना प्रेक्षक विचारतो की स्टुलावर कोण बसायचे, हे रोजचे आहे का, लारीवाल्याला केव्हापासून ठाऊक आहे. फोटो आला की विचारायला काही उरत नाही. शिवाय या गोष्टीचा कणा आजोबांचे दुःख नाही, पैसे परत करणारा हात आहे. शेवटचा शॉट दुसऱ्याच माणसाच्या कृतीवर नेला की आधीचे दोन शॉट मागे वळून वाचले जातात. हार घातलेला फोटो, भिंतीवरचे घड्याळ, पावसाळलेली खिडकी आणि दचकून जागे होणे ही या प्रकारातली चार व्यसने आहेत. चौथे सर्वांत वाईट.

ध्वनी हा फुकटचा शॉट असतो. कुकरच्या शिट्टीने स्वयंपाकघर उभे राहते, कॅमेरा ओटीवरून न हलवता. बडोद्यात याला आणखी एक सोय आहे, जी पुण्यातल्या दिग्दर्शकाला मिळणार नाही. दांडिया बाजारातल्या मराठी घराचे दार उघडले की भाषा बदलते. आत ‘आई, चहा टाक गं’ आणि उंबऱ्याबाहेर शेजाऱ्याला ‘केम छो, काका’. एवढ्याने पात्र कुठले, मुलूख कुठला, माणूस घरात आहे की जगात, हे कळते. शहर ओळखायला सुरसागर तलावाचा किंवा मांडवी दरवाजाचा वेगळा शॉट खर्चावा लागत नाही. एखादी सून फोनवर माहेरी मराठी बोलता बोलता अचानक गुजरातीवर आली, तर खोलीत कोण आले ते दाखवायची गरज नसते.

एका चौकटीत गोष्ट सांगायची सवय या शहराच्या भिंतींनाही आहे. तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांत कृष्णकथेचे प्रसंग आहेत; गायकवाड घराण्याच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात, चित्रकार नंदलाल बोस यांची मोठी भित्तिचित्रे आहेत. चित्रात नजर कुठून कुठे जावी ते चित्रकार ठरवतो. हलत्या चित्रात तेच काम पात्राची हालचाल, उजेडाचा ठिपका आणि पाहण्यासाठी दिलेला वेळ करतात. दोन-तीनच शॉट असतील तर प्रत्येकाला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. लिंबाच्या फोडीचा शॉट दोन सेकंदांत उरकला तर हात दिसतो, विचार दिसत नाही.

पूर्वी ही काटकसर खिशातून यायची. १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचा १०० फुटी रोल सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जेमतेम पावणेतीन मिनिटे चालायचा, धुलाईचा खर्च वेगळा. त्यामुळे शॉट क्रमाने घेऊन कॅमेऱ्यातच संकलन करण्याचा सराव विद्यार्थी करत. आता फोनमध्ये तासभर चित्रण बसते आणि शिस्त स्वतः लावून घ्यावी लागते. चित्रणाआधी प्रत्येक शॉटचा एक कागद करून तो जमिनीवर मांडावा. एखादा उचलल्यावरही गोष्ट कळत असेल तर तो परत ठेवू नये.

फोनचे म्हणून काही त्रास आहेत. जुन्या वाड्यात माजघर अंधारे आणि चौकात मे महिन्याचे ऊन. पात्र आतून बाहेर आले की फोन आपणहून उजेड बदलतो आणि लांब शॉट मधेच श्वास घेतल्यासारखा फिका-गडद होतो. म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) आणि फोकस आधी लॉक करावेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली शटर (प्रत्येक चौकट किती वेळ उजेड घेते ते) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे, नाहीतर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. कटांनी भरलेल्या फिल्ममध्ये असे दोष दडतात. चाळीस सेकंदांच्या एका शॉटमध्ये आजोबांपेक्षा पट्ट्यांकडेच लक्ष जाते.

श्रेयनामावलीचा अवधी बहुधा फिल्मच्या लांबीच्या प्रमाणात नसतो. दोन मिनिटांच्या लघुपटाला पाऊण मिनिट आभार लागतात : लारी देणारे, प्लेटी विसळणारे, वाड्याची किल्ली देणारे काका, आणि दुपारभर कुकर न लावता थांबलेल्या काकू.