टाकी भरलेली, तरी गाडी उपाशी

गाडी चार-पाच किलोमीटर मस्त चालायची, मग झटके मारायला लागायची, मिसिंग सुरू आणि शेवटी बंद. टाकीत पेट्रोल भरपूर. दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला थांबलं की एका किकमध्ये चालू, जसं काही झालंच नव्हतं. मेकॅनिककडे नेली की तर एकदम शहाण्यासारखी वागायची, त्यामुळे आधी प्लग बदलला, मग कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) दोनदा साफ करून झाला, कॉइलवर (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) संशय घेऊन झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी एकदा अशीच बंद पडल्यावर पेट्रोल किती आहे बघू म्हणून टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स आवाज आला, आणि तो हवा बाहेर जाण्याचा नव्हता, आत घुसण्याचा होता. झाकणात एक बारीक भोक असतं, ते गाडी धुताना गेलेल्या मातीने बुजलं होतं. बस, एवढंच.

आपल्याला वाटतं टाकी वर, कार्बोरेटर खाली, म्हणजे पेट्रोल आपोआप उतरणार. उतरतं ना, पण जेवढं खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला लागते. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरच्या 30 सेंटीमीटर वर आहे असं धरलं तर त्या उंचीचं प्रेशर भरतं जेमतेम 2200 पास्कल, आणि बाहेरची हवा दाबते साधारण 1,01,000 पास्कलने. म्हणजे टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा फक्त 2 टक्क्यांनी कमी झाला की पेट्रोल जागच्या जागी अडकलं. 5 लिटर मोकळी जागा असलेल्या टाकीतून शंभर-दोनशे मिली पेट्रोल गेलं की तेवढी पोकळी तयार होते, नेमकं किती ते गरमीवर, कारण पेट्रोलची वाफ थोडीफार भरपाई करते. गंमत म्हणजे टाकी फुल असेल तर मोकळी जागा कमी, त्यामुळे गाडी अजून लवकर बंद पडते, आणि आपण डोकं खाजवत बसतो की आत्ताच तर पेट्रोल भरलं. मग थांबलं की कुठल्यातरी फटीतून हवा हळूहळू आत येते आणि गाडी परत चालू.

चेक करायला सोपं आहे. इंजिन थंड होऊ द्या, आसपास आग, सिगरेट काही नको (पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत लांब जाते). कार्बोरेटरच्या बाउलला (तळाशी पेट्रोल साठतं ती वाटी) खाली ड्रेन स्क्रू असतो, त्याच्या पाइपखाली पारदर्शक बाटली धरायची, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) चालू करून स्क्रू सैल करायचा आणि धार बघत बसायचं. सुरुवातीला चांगली आणि मग बारीक होत होत थेंबावर आली, आणि झाकण उघडल्याबरोबर परत जोरात, तर भोक बुजलंय. झाकण उघडून पण थेंबच, तर कॉकची जाळी, फिल्टर नाहीतर दुमडलेला पाइप. फक्त कॉक व्हॅक्यूमवाला, म्हणजे इंजिनच्या ओढीने उघडणारा असेल तर इंजिन बंद असताना धार येणारच नाही, उगाच नवीन कॉक घेऊन याल. बाटली थोडा वेळ तशीच ठेवा, पाणी असेल तर खाली वेगळं बसलेलं दिसतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, पण जास्त झालं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं, आणि कार्बोरेटरला पहिल्यांदा तेच मिळतं.

धार नीट आहे तरी गाडी नखरे करते, मग कार्बोरेटर. इथे पण खेळ हवेचाच आहे. मधला अरुंद गळा असतो त्यातून हवा जोरात जाते, जोरात गेली की तिथला दाब कमी होतो, आणि बाउलमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब तसाच असतो, तो पेट्रोलला जेटमधून (बारीक भोकाचा पितळी तुकडा) वर ढकलतो. आपण म्हणतो इंजिन पेट्रोल ओढतं, खरं तर हवा ढकलते. 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला 14.7 ग्रॅम हवा लागते, म्हणजे एका लिटरला जवळपास 9000 लिटर हवा, आणि एवढा हिशोब सांभाळतं कोण, तर पितळेचं एक भोक. पायलट जेटचं (स्लो स्पीडला पेट्रोल देणारा) भोक 0.35 मिलिमीटर असेल आणि जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसून ते 0.30 झालं तर क्षेत्रफळ 27 टक्क्यांनी कमी होतं. लक्षण काय, तर चोक ओढल्याशिवाय स्टार्ट नाही, स्लो स्पीडला बंद पडते, पण रेस दिली की ठीक. याच्या उलट, स्लोला छान पण फुल थ्रॉटलला दम तोडते, तर मेन जेट (जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणारा) किंवा मागून सप्लायच कमी. जेटमध्ये तार घालू नका प्लीज, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. कार्ब क्लीनर मारा, हवा मारा, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का बघा.

पेट्रोल ओव्हरफ्लो होत असेल तर बहुतेक फ्लोट पिनखाली (बाउल भरला की पेट्रोल बंद करणारी सुई) कचरा अडकलेला असतो, बाउलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं टकटक केलं की कधीकधी सुटतो पण.

फ्युएल इंजेक्शनवाल्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत पंप साधारण 3 बारने पेट्रोल ढकलतो, म्हणून ती लाइन प्रेशर न सोडता उघडायची नाही, तोंडावर फवारा येतो. किल्ली फिरवली की दोन-तीन सेकंद टाकीतून झ्झ्झ ऐकू यायला पाहिजे. आवाजच नाही तर पंप काढायच्या आधी किल स्विच, फ्यूज, रिले. आणि आवाज येतोय पण दमलेला, सेल्फ फिरतो तरी गाडी पकडत नाही, तर बॅटरीला मीटर लावा, 12 व्होल्टच्या खाली दिसलं तर आधी ती चार्ज करा आणि मग परत तोच आवाज ऐका.