घोड्यांचे पुनर्वसन

घोड्यांचे पुनर्वसन : म्हातारपण, लंगडेपणा, धंदा बसणे, मालकाचे आजारपण किंवा निव्वळ खर्च न झेपणे, अशा कारणांनी ज्याला घोडा पुढे सांभाळता येत नाही, त्याने त्या जनावराचे हाल होऊ न देता लावलेली सोय. नवा मालक शोधणे, घोडा काही काळ दुसऱ्याच्या पागेत ठेवणे, पांजरपोळात किंवा आश्रयस्थानात दाखल करणे आणि वेळ आलीच तर पशुवैद्यकाकडून दयामरण देणे, हे सारे यात येते. घोडा माळावर मोकळा सोडून देणे यात येत नाही. प्रत्यक्षात बरेचदा होते मात्र तेच.

अडचणीचे मूळ वयाच्या हिशेबात आहे. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, पण त्याच्या कामाची वर्षे त्या मानाने थोडी. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असताना धावपट्टीवर येतो आणि सात-आठ वर्षांचा होईतो बहुधा बाहेर पडलेला असतो. म्हणजे पुढची पंधरा-वीस वर्षे त्याला कोणीतरी पोसायचे असते. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा-सात किलो कोरडा चारा, वर चंदी म्हणजे दाणा, उन्हाळ्यात तीस-चाळीस लिटर पाणी लागते. दीड-दोन महिन्यांनी नालबंद येतो, त्याचे पैसे वेगळे. माथेरान-महाबळेश्वरला पावसाळ्यात पर्यटक ओसरतात, घोड्याचे पोट ओसरत नाही. 2020च्या टाळेबंदीत तर भर हंगामात सवारी बंद पडली आणि चारा देणगीतून आणावा लागला.

अशा वेळी मालकाला पहिल्यांदा सुचते ते घोडा विकणे. यात गैर काही नाही, पण घोडा कोणत्या वयात आणि कोणत्या अवस्थेत विकला जातो यावर पुढचे सगळे ठरते. घोड्याच्या बाजाराला एक उतरती शिडी असते : शर्यत, मग रायडिंग स्कूल, मग लग्नाची वरात, मग चौपाटीवरची किंवा थंड हवेच्या ठिकाणची सवारी, शेवटी टांगा किंवा वीटभट्टीवरचे ओझे. दर पायरीला किंमत घटते आणि काम वाढते. नवा मालक आधीच्यापेक्षा गरीब असतो, त्यामुळे औषधपाण्याला हात आखडतो. म्हाताऱ्या घोड्याला ‘चांगले घर’ मिळाले असे विकणारा म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा घोडा फक्त एक पायरी खाली गेलेला असतो.

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार, नांदेडमधील माळेगावची खंडोबाची यात्रा, अकलूजचा बाजार या ठिकाणी हा व्यवहार जवळून पाहता येतो. गिऱ्हाईक आधी अंगावरचे केसांचे भोवरे पाहते, देवमन (शुभ मानलेला भोवरा) आहे का, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरे) आहे का हे विचारते, मग ओठ वर करून दात पाहते. वरच्या कोपऱ्यातील पटाशीच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक खाच दिसू लागते आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास ती दाताच्या टोकापर्यंत पोहोचते. जाणत्याला तेवढ्यावरून वय कळते. डोळ्यांवरचे खळगे खोल गेलेले, पाठ बसलेली, खालचा ओठ लोंबणारा, ही आणखी लक्षणे. म्हणून दात घासले जातात, पांढरे केस रंगवले जातात आणि लंगडणे झाकायला सकाळीच वेदनाशामक इंजेक्शन दिले जाते. औषध उतरल्यावर घोडा पुन्हा लंगडतो, तोवर टेम्पो पन्नास कोस गेलेला असतो. ज्याला आपल्या घोड्याची खरोखर काळजी आहे त्याने लंगडा किंवा वीस वर्षांपुढचा घोडा बाजारात उभा करूच नये.

त्यापेक्षा ओळखीतला व्यवहार बरा. घोडा धडधाकट असतानाच, साधारण दहा-बारा वर्षांचा असताना, हलक्या कामाची जागा शोधली तर ती मिळते. लहान मुलांना बसायला शिकवणारी शाळा, शेतघर असलेले हौशी कुटुंब, उमद्या शिंगराला सोबत हवी असलेली पागा, अशा या जागा. घोडा कळपाने राहणारा प्राणी असल्यामुळे एकट्या घोड्याला सोबती लागतोच आणि सोबतीच्या कामाला पळता येण्याची गरज नसते. आपल्याकडे शेळी-वासरू अर्धेलीने देतात, तसा मालकी न सोडता घोडा दुसऱ्याकडे ठेवायला देण्याचा मार्गही आहे. मात्र करार कागदावर हवा. पुढे विकायचा झाल्यास आधी मूळ मालकाला विचारावे, घोडी असेल तर ती फळवू नये, उपचाराचा खर्च कोणाचा आणि मधूनमधून पाहायला कोणी यायचे, एवढे तरी त्यात लिहिलेले असावे. शर्यतीतून आलेल्या घोड्याला नव्या कामासाठी काही महिने शिकवावे लागते. त्याला वेगाची सवय असते, थांबण्याची नसते.

सर्पदंशावरील लस करणाऱ्या संस्थांना घोडे देणे ही पुनर्वसनाची वाट म्हणून सांगितली जाते. सापाचे विष अगदी थोड्या मात्रेत वाढवत टोचले की घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि त्या रक्तद्रवातून लस बनते. महाराष्ट्रात मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे हे काम सर्वांना ठाऊक आहे आणि दरवर्षी त्यातून असंख्य माणसांचे प्राण वाचतात. पण त्यासाठी निरोगी घोडा लागतो आणि तिथे गेलेला घोडा कामावरच असतो. त्याला निवृत्ती म्हणणे ही मनाची समजूत झाली.

पांजरपोळ ही या भागातली जुनी संस्था. रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या ब्रिटिशांच्या हुकमावरून 1832 मध्ये मुंबईत दंगल झाली. त्यानंतर 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. बहुतेक पांजरपोळांचा घाट मात्र गाईगुरांसाठी आहे आणि घोडा म्हणजे बिनशिंगी गाय नव्हे. तो रवंथ करत नाही, त्याला ओकता येत नाही. बैल पचवील असा बुरशी धरलेला कडबा घोड्याने खाल्ला तर पोटशुळाने तो तडफडून मरू शकतो. त्याचे खूर तासावे लागतात आणि म्हातारपणी दाढांच्या धारदार कडा घासून द्याव्या लागतात, नाहीतर पुढ्यात चारा असून तो खंगतो. घोडा देण्याआधी त्या जागी जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : आधीपासून घोडे आहेत का, त्यांच्या बरगड्या दिसतात का, नालबंद शेवटचा कधी आला होता. एकरकमी देणगी देऊन पाठ फिरवण्यापेक्षा दरमहा चाऱ्याचे पैसे पाठवणे घोड्याच्या जास्त कामी येते.

कायद्यात मोकळे सोडण्याला थारा नाही. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960च्या कलम 11 नुसार भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे चंदीच्या एका दिवसाच्या खर्चाहूनही कमी. कलम 35 अधिक बोचरे आहे, कारण दंडाधिकाऱ्याने जनावर पांजरपोळात पाठवले तर तिथला खर्च मालकाकडून वसूल करता येतो. घोडा हलवताना ग्लँडर्सचाही विचार करावा लागतो. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. त्याची खात्रीची तपासणी हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते आणि रोग निघाला तर घोडा विकता किंवा हलवता येत नाही, त्याला मारावेच लागते.

एका फटक्यात शेकडो घोडे बिनकामाचे होतात तेव्हा काय घडते, हे मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांनी दाखवले. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदा ठरवून त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली आणि पुनर्वसनाची योजना आखायला शासनाला सांगितले. माणसांची योजना भरपाई आणि फेरीवाला परवाना अशा शब्दांत निदान मांडता आली. घोड्याला परवाना देऊन भागत नाही. 2021 मध्ये तशाच नक्षीच्या विजेवरच्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. माथेरानमध्ये 2022च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, तेव्हा घोडेवाल्यांनी केलेला विरोध या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

दयामरणाचा विषय आपल्याकडे टाळला जातो. दारातल्या जनावराला मारायचे कसे, असा प्रश्न येतो आणि त्याच घोड्याला अनोळखी दलालाच्या हाती देताना मात्र तो येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने इजिप्तमध्ये विकून टाकलेले घोडे डोरोथी ब्रूक या ब्रिटिश बाईंना 1930 मध्ये कैरोच्या रस्त्यांवर हाडांचे सापळे होऊन राबताना दिसले. 1931 मध्ये त्यांनी एका ब्रिटिश दैनिकात पत्र लिहून पैसे उभे केले आणि तीन वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांतले बहुतेक इतके झिजलेले होते की थोडे दिवस पोटभर चारा आणि विश्रांती देऊन त्यांना शांतपणे मरण देण्यात आले. 1934 मध्ये त्यांनी कैरोत काढलेल्या इस्पितळातून वाढलेली संस्था आज भारतातही कष्टकरी घोड्या-गाढवांसाठी काम करते.

न बरे होणारे लंगडेपण, वारंवार उठणारा पोटशूळ, बसल्यावर उठता न येणे, दात जाऊन खंगणे, अशा अवस्थांत पशुवैद्यक दयामरण सुचवतो. मालकाचीच संमती असली तर फार कागद लागत नाहीत. मालक सापडत नसेल किंवा नकार देत असेल तर प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 13 प्रमाणे पशुवैद्यकाचा दाखला आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. जागा सपाट, मऊ आणि जेसीबी पोहोचेल अशी निवडतात, कारण चारशे किलोचे धूड नंतर माणसांना ओढवत नाही. आधी गुंगीचे औषध, मग मानेच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. घोडा मिनिटभरात खाली येतो. पशुवैद्यक बुबुळाला बोट लावून पापणी हलते का पाहतो आणि हृदय थांबल्याची खात्री करतो.

ते औषध मांसात राहते. म्हणून असे कलेवर उघड्यावर टाकले तर त्यावर उतरलेली गिधाडे आणि कुत्री मरतात. गिधाडांचे काय होते हे डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने शिकवले आहे. जनावरांसाठीच्या त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडे संपली होती. खड्डा पुरुषभर खोल, विहिरीपासून लांब खणावा आणि चुना-मीठ घालून बुजवावा. पागेत दुसरा घोडा असेल तर बुजवण्याआधी त्याला मोकळे सोडून कलेवराजवळ जाऊ द्यावे, असे अनुभवी मोतद्दार सांगतात. तो हुंगतो, कधी दातांनी आयाळ ओढून पाहतो आणि थोड्या वेळाने आपणच चरायला वळतो. ज्याला असे दाखवले नाही, तो पुढे कित्येक दिवस दाराकडे तोंड करून खिंकाळत राहतो.