स्वागत आणि समावेश: रॅम्प कुठपर्यंत जातो?

‘आमचं चर्च सर्वसमावेशक आहे, आम्ही रॅम्प बांधलाय.’ हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आता मी लगेच विचारते, रॅम्प कुठपर्यंत जातो? उत्तर ठरलेलं: दारापर्यंत. वेदीच्या पायऱ्या तशाच. व्हीलचेअरवरच्या बाई आत येऊन शास्त्रपाठ, म्हणजे उपासनेतलं बायबलवाचन, ऐकतील हे मंडळीने गृहीत धरलेलं असतं. त्या शास्त्रपाठ वाचतीलही, हे बांधकाम करताना कुणाच्या मनात आलेलं नसतं.

स्वागत म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. दारात आपुलकीने उभं राहणं, बसायला नीट जागा, मोठ्या अक्षरांतलं गीतपुस्तक, सांकेतिक भाषेचा दुभाषी. रॅम्प बांधणार असाल तर चढ १:१२ ठेवा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. त्याहून उभा रॅम्प चढायला कठीण आणि उतरायला धोक्याचा. ‘अपंग’ म्हणायचं की ‘दिव्यांग’, यावर बैठकाच्या बैठका खर्ची पडतात. ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांना विचारा आणि ते सांगतील तो शब्द वापरा.

घोळ होतो तो पुढे. स्वागतात एक यजमान असतो आणि एक पाहुणा. पाहुण्याला मान मिळतो, पण घरात काय चालावं हे तो ठरवत नाही. वीस वर्षं दर रविवारी येणारा माणूस अजून पाहुणाच असेल, तर त्याचं स्वागत झालंय, समावेश झालेला नाही. समावेश झालेला माणूस कमिटीवर असतो, संडे स्कूलमध्ये शिकवतो, अर्पण गोळा करतो, पाळकांचा उपदेश पटला नाही तर तसं सांगतो, आणि चुकला तर इतरांसारखी बोलणीही खातो. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्यावर कुणी कधी रागावत नाही, त्याला आपलं मानलेलं नसतं.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेनुसार, ज्याला शारीरिक व्यंगामुळे वेदीची सेवा सुरक्षितपणे किंवा शोभेलशी करता येणार नाही, अशा पुरुषाच्या याजकपदाच्या दीक्षेला अडसर होता. १९८३ च्या संहितेत तो अडसर उरला नाही. तोवर अशा माणसाला बाकावर बसायला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती वेदीपाशी उभं राहायला.

न विचारता डोक्यावर हात ठेवून बरं होण्यासाठी प्रार्थना सुरू करणं मला अजिबात सहन होत नाही. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला बार्तिमय आठवा. तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं. गर्दी त्याला गप्प बस म्हणत होती. येशूने मात्र त्याला जवळ बोलावून आधी विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? गरज उघड दिसत असतानाही प्रश्न विचारला आणि उत्तर त्याच्याच तोंडून ऐकलं. आपण तर सोबत आलेल्या बहिणीला विचारतो, ‘यांना पाणी हवंय का?’

यावर एक आक्षेप हमखास येतो: ज्याला बौद्धिक अपंगत्व खूप तीव्र आहे, त्याला कसली जबाबदारी देणार? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सांगते. समावेश उपयोगीपणावर मोजायचा नसतो. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की शरीराचे जे अवयव अधिक अशक्त भासतात, तेच आवश्यक आहेत. उपासनेत मोठ्याने आवाज काढणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना मागच्या खोलीत बसायला सुचवलं जातं का? तो दोन रविवार दिसला नाही तर कुणी त्याच्या घरी जातं का? त्याला प्रभुभोजन त्याच्या सोयीने मिळतं का? समावेश झालाय की नाही, हे या उत्तरांवरून कळतं.

समाजातही हाच गोंधळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात ‘पूर्ण आणि परिणामकारक सहभाग’ हे तत्त्व आहे. शिक्षणाच्या संदर्भात त्याच कराराच्या समितीने २०१६ मध्ये स्पष्ट केलं की मुलाला आहे त्या शाळेत आणून बसवणं आणि त्याने जुळवून घ्यावं अशी अपेक्षा ठेवणं, याला समावेश म्हणत नाहीत. समावेशासाठी शिकवण्याची पद्धत, अभ्यासक्रम, रचना बदलावी लागते. नोकरी देऊन माणसाला एकही बैठक न दाखवणाऱ्या कचेऱ्यांनाही हे लागू आहे.

वेदीच्या पायऱ्या काढणं जमत नसेल, तर शास्त्रपाठाचा स्टँड खाली आणा. त्या बाई वाचणार असतील तेवढ्या रविवारपुरता नको, कायमचा आणि सगळ्या वाचकांसाठी.