चीट, चिंट, चिंट्झ

इंग्रजांच्या घरातल्या फुलाफुलांच्या पडद्यांना आणि गादीच्या खोळींना जे कापड लागतं, त्याला ते चिंट्झ म्हणतात. आमच्या खानदेशात, रावेर-यावलकडे जुन्या बायका छापील सुती कापडाला चीट म्हणायच्या. ‘चीटना परकर’ हे मी आजीच्या तोंडून ऐकलंय. शब्द एकच आहे, फक्त एक घरी राहिला आणि दुसरा बोटीत बसला.

हिंदीत छींट म्हणजे शिंतोडा, ठिपका, आणि त्यावरून ठिपक्यांचं छापील कापड. काही अभ्यासक त्याही मागे संस्कृत ‘चित्र’पर्यंत जातात. चित्र म्हणजे रंगीबेरंगी, ठिपकेदार. चित्ता तिथूनच आला. हे खरं धरलं तर इंग्रजीतले चीता आणि चिंट्झ सख्खे भाऊ ठरतात. मला मात्र रंगाचा शिंतोडाच जवळचा वाटतो.

हा माल जिथून जाई त्यातलं एक मोठं ठिकाण आपलंच होतं. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात आणि पुढे मोगलांच्या सुभ्यातही ते खानदेशची राजधानी होतं. 17व्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए तिथून गेला. तिथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं आणि काहींवर रंगीत फुलं असतात, असं त्याने लिहून ठेवलंय. युरोपच्या बोटी भरत त्या सुरतेला. पोर्तुगीजांनी या कापडाला चिता म्हटलं, डचांनी सित्स.

लंडनच्या सॅम्युअल पेपिसने 1663 मध्ये बायकोच्या खोलीच्या भिंतींसाठी एक ‘चिंट’ घेतल्याची नोंद रोजनिशीत केली. तेव्हा शब्द एकवचनी होता. ‘चिंट्स’ हे त्याचं अनेकवचन. पण व्यापारात ठाणंच्या ठाणं येत असल्याने तेच तोंडी बसलं, स्पेलिंगमध्ये शेवटी झेड आला आणि लोक त्यालाच एकवचन समजू लागले. हसू नका, आपणही ‘एक लेडीज आली होती’ म्हणतोच.

कापड इतकं खपलं की तिथले लोकर आणि रेशमाचे विणकर खवळले. 1700 च्या कायद्याने छापील सुती मालाची आयात रोखली गेली आणि 1721 च्या कायद्याने तो वापरण्यावरच बंदी आली. पुढे इंग्रजांच्या गिरण्या स्वतःच स्वस्त चिंट्झ छापू लागल्या. 1851 मध्ये इंग्रज लेखिका जॉर्ज एलियटने एका पत्रात ‘चिंट्झी’ हे विशेषण नाक मुरडून वापरलं. आज इंग्रजीत त्याचा अर्थ हलकं, भडक. अमेरिकेत तर चिक्कूसुद्धा.

आजीचा चीटना परकर मात्र सणालाच पेटीतून निघायचा.