सार्पेडॉनची आई नक्की कोण? लिशियाच्या राजाच्या दोन वंशावळी

ग्रीक पुराणकथांतल्या ट्रॉयच्या युद्धात (ग्रीक विरुद्ध ट्रॉय शहर) ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या मित्रराजांमध्ये सार्पेडॉन म्हणजे एकदम वरच्या फळीतला माणूस, लिशियाचा राजा. लिशिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा नैऋत्य किनारा, अंतल्याच्या बाजूचा. बाप झ्यूस, म्हणजे ग्रीक देवांचा राजा, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत. भांडण आहे ते आईवरून, आणि आई बदलली की अख्खी पिढीच बदलते, म्हणून हा घोळ साधा नाही.

होमरच्या इलियडमध्ये, म्हणजे या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यात, हिशोब सरळ आहे. पंखवाल्या घोड्यामुळे आपल्याला माहीत असलेला तो बेलेरोफॉन (होमर मात्र घोड्याचं नावही काढत नाही), त्याची मुलगी लाओडेमिया, तिला झ्यूसपासून झालेला मुलगा सार्पेडॉन. त्याचा जोडीदार ग्लॉकस हा बेलेरोफॉनच्या मुलाचा मुलगा, म्हणजे दोघं आतेमामे भाऊ. आता गंमत बघा, मुलाचा मुलगा असताना सैन्याचा मुख्य कोण, तर मुलीचा मुलगा! हे जुन्या टीकाकारांनाही खटकलं होतं. जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की लिशियन लोक बापाचं नाही तर आईचं नाव लावतात, त्यामुळे बऱ्याच जणांनी हे दोन धागे जोडून टाकले. पण तिथे सापडलेल्या शिलालेखांत बहुतेक ठिकाणी बापाचंच नाव येतं, तेव्हा ही जोडणी मला जरा घाईची वाटते.

दुसरी परंपरा प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या नावावर असलेल्या स्त्रियांच्या वंशावळीच्या काव्यात दिसते. तिथे आई युरोपा, तीच जिला झ्यूसने बैल होऊन क्रीट बेटावर पळवून नेलं, आणि सार्पेडॉन म्हणजे मिनॉस आणि राडामँथसचा सख्खा भाऊ. होमर युरोपाची मुलं मोजतो तेव्हा दोनच मोजतो, तिसरा नाहीच. हेरोडोटस पुढची गोष्ट सांगतो की क्रीटच्या गादीवरून मिनॉस आणि सार्पेडॉन भांडले, सार्पेडॉन हरला आणि आपली माणसं घेऊन आशियात आला, त्या लोकांना टर्मिलाय म्हणायचे. हे नाव काही हवेतलं नाही बरं का, लिशियन शिलालेखांत ते लोक स्वतःला त्र्म्मिली म्हणवतात. म्हणजे क्रीटहून आल्याची गोष्ट खरी असो नसो, नाव अस्सल आहे.

आता खरी अडचण. मिनॉसचा नातू इडोमेनियस हाही ट्रॉयला लढतोय, ग्रीकांच्या बाजूने. मग मिनॉसचा भाऊ त्याच मैदानात कसा? चुलत आजोबा आणि नातू एकाच युद्धात!

अपोलोडोरसच्या नावावरच्या ग्रीक पुराणकथांच्या ग्रंथात यावर उपाय असा की झ्यूसने सार्पेडॉनला तीन पिढ्यांचं आयुष्य दिलं. (होमर वेगळी आई सांगतो हेही तिथे नोंदवलंय, हे प्रामाणिकपणाचं.) ग्रीक इतिहासकार डिओडोरसला हे पटलं नसावं, त्याने सरळ दोन सार्पेडॉन केले. पहिला युरोपाचा, त्याचा मुलगा इव्हँड्रस, त्याने बेलेरोफॉनच्या मुलीशी लग्न केलं, तिचं नाव इथे डेडेमिया, आणि त्यांचा मुलगा तो ट्रॉयवाला दुसरा सार्पेडॉन. यात क्रीटही सांभाळलं, बेलेरोफॉनही सांभाळला, फक्त झ्यूस बाप न राहता पणजोबा झाला. ठिगळ सुबक आहे, पण मग मुलगा मरणार म्हणून झ्यूस आभाळातून रक्ताचा पाऊस पाडतो त्या इलियडमधल्या प्रसंगातली हवाच निघून जाते.

नाटककार एस्किलसने असल्या हिशोबाची फिकीरच केली नाही. त्याच्या एका हरवलेल्या नाटकाच्या उरलेल्या तुकड्यात युरोपा स्वतःच ट्रॉयला गेलेल्या मुलाच्या काळजीत बसलेली आहे. पिढ्या जुळतात का, कोण विचारतंय!

आणि ग्रीक चित्रकार युफ्रोनियसने साधारण इ.स.पू. 515 मध्ये रंगवलेलं ते प्रसिद्ध भांडं, जे न्यूयॉर्कच्या म्युझियमने 1972 ला घेतलं आणि 2008 ला इटलीला परत गेलं, त्यावर निद्रा आणि मृत्यू हे देव सार्पेडॉनचा देह उचलतायत, मध्ये देवांचा निरोप्या हर्मिस उभा आहे, दोन्ही टोकांना दोन योद्धे. आई कुठेच नाही, ना ही ना ती.