गोळी दाताखाली धरून पाय कापायचे? नाही हो

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या फौजेच्या, जखमी सैनिकाला, म्हणजे कालपर्यंत लोवेलच्या कापड गिरणीत मागावर उभं राहणाऱ्या साध्या पोराला, भूल न देताच तोंडात बंदुकीची गोळी देऊन पाय कापायचे, असा फॉरवर्ड कितीतरी वर्षं फिरतोय. वाचून पोटात कालवतं, मलाही खरंच वाटलेलं.

पण आधी साल बघा. ईथरची भूल बॉस्टनला १८४६ मध्ये जाहीरपणे दाखवली, क्लोरोफॉर्म १८४७ चं, म्हणजे युद्धाच्या चौदा-पंधरा वर्षं आधीच दोन्ही होतं. बहुतेक ऑपरेशन भूल देऊनच व्हायची, कापड सुळक्यासारखं गुंडाळायचं, त्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकायचे आणि नाकाशी धरायचं. पूर्ण गुंगी चढायच्या आधी माणूस बरळतो, हातपाय झाडतो, आणि ऑपरेशन बरेचदा उघड्यावरच, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटायचं हा शुद्धीत ओरडतोय. शिवाय आडव्या माणसाच्या तोंडात सुटी गोळी म्हणजे घशात अडकायचीच भीती ना.

मग दातांचे व्रण असलेल्या गोळ्या सापडतात त्या? शिसं मऊ असतं, रानात पडलेल्या बऱ्याच गोळ्या डुकरांनी चावलेल्या आहेत. स्वतः बघायचं तर युद्धानंतर सरकारने छापलेले वैद्यकीय अहवालांचे जाडजूड खंड ऑनलाइन फुकट आहेत, त्यात एकेका जखमीची केस आणि भुलीच्या नोंदी सापडतात.