ब्रान: मस्तकाने राखलेलं बेट

वेल्सच्या किनाऱ्यावर हार्लेखचा खडक आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला, पण वेल्श कथांमध्ये हा खडक ब्रिटनच्या राक्षसकाय राजाचा, ब्रानचा. तो इथे बसलेला असताना आयर्लंडच्या राजाची तेरा जहाजं आली. राजा ब्रानच्या बहिणीला, ब्रानवेनला, मागणी घालायला आला होता.

ही कथा ‘माबिनोगी’ या मध्ययुगीन वेल्श कथामालेच्या दुसऱ्या शाखेत, म्हणजे भागात, येते. ‘पांढरं पुस्तक’ (सुमारे १३५०) आणि ‘तांबडं पुस्तक’ (१४०० च्या आसपास) या हस्तलिखितांनी ती राखली. मूळ रचना त्याहून जुनी. लग्न झालं, पण आपल्याला न विचारता सोयरीक जमवली म्हणून ब्रानच्या सावत्र भावाने पाहुण्यांचे घोडे विद्रूप केले. भरपाई म्हणून ब्रानने एक कढई दिली. तिच्यात टाकलेला मेलेला योद्धा दुसऱ्या दिवशी उठे, फक्त त्याची वाचा गेलेली असे. तरीही आयर्लंडने सूड ब्रानवेनवरच उगवला. राणीला मुदपाकखान्यात राबवलं. तिने साळुंकीच्या कुळातलं एक पाखरू शिकवून त्याच्याबरोबर भावाला पत्र धाडलं. सगळ्या कथेत मला हाच प्रसंग सर्वांत जिवंत वाटतो.

पत्र मिळताच ब्रान सैन्य घेऊन आयर्लंडला निघाला. तो इतका प्रचंड होता की समुद्र चालत ओलांडून गेला. वाटेत नदी आली, तेव्हा तो आडवा झाला आणि सैन्य त्याच्या पाठीवरून पार गेलं. ‘जो म्होरक्या, त्याने पूल व्हावं’ ही वेल्श म्हण त्याच्याच तोंडची.

युद्धातून त्याच्या बाजूचे सातच जण परतले. पायात विषारी भाला लागलेल्या ब्रानने आपलं मस्तक कापायला सांगितलं. ते मस्तक हार्लेखला सात आणि ग्वालेस बेटावर ऐंशी वर्षं सोबत्यांशी गप्पा मारत राहिलं.

१२०० च्या सुमारास रोबेर द बोरों या फ्रेंच कवीच्या काव्यात पवित्र चषकाचा (येशूच्या शेवटच्या भोजनातल्या पात्राचा) राखणदार, कोळी राजा, ‘ब्रों’ या नावाने दिसतो. त्याआधीच्या फ्रेंच काव्यातला बिननावाचा कोळी राजाही भाल्यानेच पंगू झालेला. नावातलं साम्य, जखम आणि कढई पाहून काही अभ्यासक ब्रानलाच त्याचा पूर्वज मानतात. धागा लोभस आहे, पण सिद्ध झालेला नाही.

मस्तक शेवटी लंडनच्या ‘पांढऱ्या टेकडी’त फ्रान्सकडे तोंड करून पुरलं. ते तिथे असेतो ब्रिटनच्या बेटावर समुद्रापलीकडून संकट येणार नव्हतं. वेल्श त्रिपदी (तीन-तीन गोष्टींच्या जुन्या याद्या) सांगतात की दंतकथेतल्या राजा आर्थरने ते उकरून काढलं: या बेटाची राखण आपल्या बळाशिवाय दुसऱ्या कुणी करावी, हे त्याला रुचलं नाही.